पुठ्ठ्याची गाडी आणि गजबजलेली पेठ

चौथी-पाचवीच्या वर्गात हमखास रंगणारा एक खेळ आहे. मुलांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला छपराची पुठ्ठ्याची गाडी द्यायची, सामान मोजून भरायचं आणि पश्चिमेची वाट धरायची. नदी लागली, चाक मोडलं, की गाडीतून काय उतरवायचं यावर गटात भांडण. पिठाचं पोतं की आजीची पेटी? एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेला वसायला निघालेल्या कुटुंबांवर बेतलेला हा उपक्रम. १९७१ साली मिनेसोटात शिक्षकीचं प्रशिक्षण घेणाऱ्या तिघांनी 'द ओरेगॉन ट्रेल' नावाने तो कॉम्प्युटरवरही आणला.

बंगळूरच्या वर्गात हा खेळ घ्यायला ओरेगॉनपर्यंत जायला नको. मराठी माणसं इथे कशी आली, या गोष्टीवर तो उत्तम बसतो. मात्र गोष्ट बदलली तरी गैरसमज तेच राहतात, आणि ते खेळाच्या आधीच काढून टाकलेले बरे.

पहिला आणि सगळ्यात चिवट गैरसमज: येणारे आले तेव्हा जमीन मोकळी होती. अमेरिकेत १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मिळत, पण ती जमीन कुणाची तरी होतीच, तिथल्या मूळ जमातींची. ओक्लाहोमात तर १८८९च्या जमीन बळकावण्याच्या शर्यतीचं नाटक शाळेच्या मैदानावर वर्षानुवर्षं होई, मुलं झेंडे रोवत धावत. ओक्लाहोमा सिटीच्या शाळांनी ते २०१४ मध्ये बंद केलं.

आपल्याकडे याचीच आवृत्ती म्हणजे 'शहाजीराजांनी बंगळूर वसवलं'. वसवलं ते स्थानिक सरदार केंपेगौडांनी, १५३७च्या सुमारास. तांदळाची अक्कीपेट, कापसाची अरळेपेट, बांगड्यांची बळेपेट ही नावं त्या मूळ बाजाराची आठवण देतात. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे ठाणं जिंकलं, त्यांचे वंशज केंपेगौडा तिसरे यांना मागडीकडे हटावं लागलं आणि जहागीर शहाजीराजांना मिळाली. म्हणजे राजे आले ते शंभर वर्षं चाललेल्या बाजारात. वर्गातल्या खेळात एका गटाला मागडीला जायला लावाच. गाडी त्यांचीही भरायची आहे, आणि त्यांनी काय बरोबर नेलं हे कुणी विचारत नाही.

भोसले आले तेव्हा इथे वस्ती होतीच, याचा पुरावा मल्लेश्वरममध्ये आजही उभा आहे. काडु मल्लेश्वर देवळापाशी खडकावर १६६९चा शिलालेख आहे. शहाजीराजांचे पुत्र एकोजी यांनी मल्लपुराच्या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव इनाम दिल्याची ती नोंद. लेख कन्नडमध्ये आहे. देणारा भोसले, पण देव इथला, गाव इथलं, वाचणारेही इथले. सहलीला नेलेल्या मराठी मुलांना तो वाचता येत नाही, शेजारच्या बाकावरची कन्नड मुलगी अक्षरं लावून दाखवते. सहलीचा निम्मा अभ्यास तिथेच होतो.

दुसरा गैरसमज म्हणजे स्थलांतर ही लढाईची गोष्ट. अमेरिकी सिनेमांनी गाड्यांच्या रिंगणावर बाणांचा वर्षाव इतक्यांदा दाखवला की मुलं तेच चित्र काढतात. इतिहासकार जॉन अनरू यांच्या मोजणीनुसार १८४० ते १८६० या काळात मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मेले, आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. खरा काळ होता पटकी. शिवाय बहुतेक लोक गाडीत बसत नसत, बैलांचा भार हलका राहावा म्हणून शेजारून चालत.

आपल्या स्नेहसंमेलनातही फेटा आणि तलवार संपली की मराठी इतिहास संपतो. जयराम पिंड्ये यांच्या 'राधामाधवविलासचंपू'त शहाजीराजांचा दरबार दिसतो तो वेगवेगळ्या भाषांतल्या कवींनी भरलेला, वि. का. राजवाड्यांनी हे पुस्तक १९२२ मध्ये छापून आणलं. दरबार उठले तरी शहरात टिकले ते लेखणी आणि सुई चालवणारे. कारकून, हिशेबनीस, भावसार शिंपी. तलवारीचा अंमल जेमतेम पन्नास वर्षांचा: १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना विकून टाकलं. शहर विकलं जातं हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारतात, तो तास चुकवू नये.

'मराठी लोक बंगळुरात आले ते आयटीमुळे' हा तिसरा गैरसमज तर मुलांचे आईवडीलच सांगतात, कारण ते स्वतः तसे आलेले असतात. महाराष्ट्र मंडळ इथे १९२०पासून आहे. शिवाजीराव गायकवाड १९५० साली इथल्याच मराठी घरात जन्मले, इथल्या बसमध्ये कंडक्टर होते, मग मद्रासला जाऊन रजनीकांत झाले.

आणि वाट एकाच दिशेची नसते. एकोजी १६७५-७६च्या सुमारास तंजावरला गेले, तिथे मराठी राज्य १८५५पर्यंत टिकलं. तिकडची काही मराठी घराणी पुढे पश्चिमेला म्हैसूर संस्थानात नोकरीला आली. त्यांतलेच व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ आणि टी. आनंदराव १९०९ ते १९१२ म्हैसूरचे दिवाण होते, आणि आनंदरावांनंतर ती खुर्ची विश्वेश्वरय्यांकडे गेली. मॅजेस्टिकजवळच्या ज्या आनंदराव सर्कलच्या सिग्नलवर शाळेची बस अडकते, ते नाव याच आनंदरावांचं.

तेव्हा पश्चिमेची वाट हवीच असेल तर कावेरीच्या खोऱ्यातून बंगळूरकडे येणारी घ्या. नकाशावर एका रंगाने पुणे-बंगळूर, दुसऱ्याने बंगळूर-तंजावर, तिसऱ्याने परतीची रेघ. चौथा रंग मुलांच्या स्वतःच्या घरांसाठी ठेवा: कोण बेळगावहून, कोण सोलापूरहून, कोण बिहारहून, आणि कुणाचं घर केंपेगौडांच्या काळापासून इथलंच.