पळसाला पान एकच

बुलढाण्याहून बोथामार्गे खामगावला जाणारा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. फाल्गुनात या रस्त्यावर एसटीच्या खिडक्यांतून मोबाइल बाहेर येतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणते, "पांगारा काय फुललाय!" तो पांगारा नसतो, पळस असतो. ज्या जिल्ह्यात पळसखेड भट, पळसखेड नागो, पळशी झाशी, पळशी सुपो अशी गावांची नावे आहेत, तिथे ही गफलत व्हावी याची गंमत वाटते.

घोटाळा होण्यासारखे आहे, हे खरे. दोन्ही झाडे शेंगांच्या कुळातली, दोन्ही पाने गाळून फुलणारी. पण पांगाऱ्याच्या फांदीला काटे असतात, पळसाला नाहीत. पांगाऱ्याचे फूल लालभडक, पळसाचे केशरी. पळसाचे एक फूल तळहातावर घेऊन पाहा. खाली काळपट हिरव्या मखमलीची वाटी, तिच्यातून निघालेली पाच पाकळ्यांची मांडणी आणि त्यात पोपटाच्या चोचीसारखा वाकलेला बाक. संस्कृतात याला किंशुक म्हणतात. हा पोपट तर नव्हे, असा प्रश्नच त्या नावात आहे. शेंग पाहिली तर शंकाच उरत नाही. पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात, पळसाची चपटी शेंग टोकाशी एकच बी सांभाळते. म्हणून शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा, म्हणजे एकबीजी. गुलमोहोराला पळसाचा भाऊ समजणारेही भेटतात. गुलमोहोर मादागास्करचा पाहुणा. पळस भारतीय उपखंडापासून आग्नेय आशियापर्यंतचा मूळ रहिवासी.

आता त्या म्हणीकडे वळू. 'कुठेही जा, पळसाला पाने तीनच' हे आपण इतक्यांदा म्हणतो, की झाडाकडे पाहून मोजायची कुणाला गरजच वाटत नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ती तीन पाने नव्हेत, एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका आहेत. हे पडताळायला भिंग लागत नाही. फांदीवर पान जिथे जोडलेले असते, तिथे बेचक्यात डोळा असतो. पळसाचा डोळा लांब देठाच्या बुडाशी सापडतो. तिन्ही पर्णिकांच्या बुडाशी तो नसतोच. मधली पर्णिका मोठी, बाजूच्या दोन थोड्या तिरप्या. म्हण चुकली म्हणून टाकून द्यायची गरज नाही. जगात कुठेही गेलो तरी तेच, हा तिचा अर्थ तर पळस इमानाने पाळतो.

याच पर्णिका बारीक काड्यांनी टाचून पत्रावळी आणि द्रोण होत. लग्नाच्या पंगतीत गरम वरण वाढले की त्या पानाला जो वास सुटे, तो थर्माकोलच्या ताटाने घालवला. विदर्भात पोळ्याला बऱ्याच गावांत दारात पळसाच्या डहाळ्या ठेवतात. मुंजीत बटूच्या हाती पळसाचा दंड येतो. आणि ज्याचा देह सापडला नाही, त्याची प्रतिमा पळसाच्या पानांची करून अग्नी देतात. त्याला पालाशविधीच म्हणतात.

माघात पाने झडली की हे झाड वठल्यासारखे दिसते. बांधावरचा असा पळस 'मेला' म्हणून सरपणासाठी तोडलेला मी पाहिला आहे. एका म्हाताऱ्या गुराख्याने त्यावर एवढेच म्हटले होते, "फागनात ये, मंग पाह्य." कडक उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळून झाड पाणी वाचवते, इतकेच.

फुलाला वास नाही म्हणून ते निकामी, हा समज तर फार जुना. संस्कृत सुभाषितकारांनी विद्याहीन देखण्या माणसाला पळसफुलाची उपमा देऊन टाकली. उपमा झकास, पण झाडावर अन्याय करणारी. पळसाचे गिऱ्हाईक पक्षी आहेत आणि पक्षी फूल शोधतात ते प्रामुख्याने रंगावरून. भडक केशरी पाटी आणि आत भरपूर मध. वास कुणासाठी काढायचा? साळुंक्या, कोतवाल असे अनेक पक्षी फुलांवर झोंबतात, पण परागीकरणाचे खरे काम जांभळ्या शिंजिराकडून होते. खारही त्यात हात देते.

रंगपंचमीच्या रंगाबद्दलही एक खुलासा. फुले लालसर दिसतात म्हणून लाल रंग निघेल, अशी अपेक्षा ठेवू नका. रात्रभर भिजवली किंवा उकळली तर पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुना टाकला की नारिंगी छटा गडद होते. कापडावर तो फारसा पक्का बसत नाही. खेळायला बरे.

पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर देतात. पण झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे गृहीत धरू नये. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याच बियांचा उल्लेख गर्भरोधक म्हणूनही येतो. मात्रा वैद्याला विचारूनच.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज पांढऱ्या पळसाचा आहे. त्याच्या मुळीने गुप्तधन सापडते, फुलाने सोने होते, असल्या बाता ऐकून लोक ही दुर्मिळ झाडे साल आणि मुळांसकट ओरबाडतात. फुलात केशरी रंगद्रव्य तयार होत नाही म्हणून फूल पांढरे. यापलीकडे त्यात जादू नाही. पिवळ्या फुलांचा पळसही असतो, त्याची वनस्पतिशास्त्रात वेगळा प्रकार म्हणून नोंद आहे, आणि त्याच्या बुडाशीही हंडा नसतो. गुप्तधनासाठी केलेले अघोरी कृत्य तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे. एवढे करून मुळी घरी नेणाऱ्याच्या हाती काय लागते? पळसाच्या मुळ्यांच्या वाखाचे पूर्वी चांगले दोर वळत. तेवढे मात्र निघतील.