सोडलं की थांबतं

शिवारातली यंत्रं : भाग सहावा

उदगीर तालुक्यातल्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल बघायला गेलेला माणूस आधी दात बघतो, मग खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो आणि सौदा ठरायच्या आत हमखास विचारतो, "मारका नाही ना?" तोच माणूस शहरात पेट्रोलवरचा पॉवर वीडर घ्यायला गेला की त्याचा एकच प्रश्न असतो, "तासाला पेट्रोल किती खातं?" यंत्र मारकं आहे का, हे कुणी विचारत नाही. आहे. पण ते कशाने मारतं आणि कशाने थांबतं, हे बैलापेक्षा लवकर शिकता येतं. शिकवणारा मात्र पाहिजे.

नांदेडने लाल कंधारीला नाव दिलं, लातूरने देवणीला. या दोन जिल्ह्यांत बैलावाचून शेती होईल असं माझ्या लहानपणी कुणी बोललं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. आता जोडी सांभाळणं चार-पाच एकरवाल्याच्या आवाक्यात राहिलं नाही. सालगडी मिळत नाही. २०२५ च्या जुलैत अहमदपूर तालुक्यातल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने स्वतःच्याच खांद्यावर औत ओढल्याचा व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिला. सोयाबीनची पहिली कोळपणी पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी आणि दुसरी २५ ते ३० दिवसांनी व्हावी लागते. त्यातच पावसाची झड लागते, आणि उघडीप मिळाली की गावातल्या प्रत्येकाला त्याच चार दिवसांत औत हवं असतं. त्यामुळे वीडर आले, आणि येणारच होते. माझी तक्रार ते आल्याबद्दल नाही, ज्या रीतीने येतात त्याबद्दल आहे.

माझ्या पुतण्याने यंदा घेतला. लोहा तालुक्यातल्या आमच्या आखाड्यावर टेम्पोतून एक खोकं उतरलं, पावतीवर सही झाली, टेम्पो गेला. "काका, जोडायला कुणी येणार हाय का?" कुणी येणार नव्हतं. खोक्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र, हँडल वेगळं, चाकं वेगळी, पात्यांचे संच वेगळे, चिखल अडवणारे पत्रे, मागची डेप्थ बार, आणि नट-बोल्ट-पिनांची एक पिशवी. पुस्तिका होती, तीही मराठीत नाही. तरी तिच्यात चित्रं होती. ताडपत्री अंथरून त्या चित्रांबरहुकूम सगळे भाग मांडले आणि मोजले. ताडपत्री यासाठी की काळ्या जमिनीत पडलेली पिन नंतर देवालाही सापडत नाही.

जोडणीतलं सगळंच सांगत बसत नाही; हँडल आणि चाकं कुणालाही बसवता येतात. दोन जागी लोक चुकतात, तिथेच थांबू.

पहिली जागा पाती. पात्यांना डावं-उजवं असतं. रोटर पुढे फिरताना पात्याची धारेची बाजू आधी जमिनीला लागली पाहिजे. संच अदलाबदल झाला तर पात्याची पाठ जमिनीवर आपटते, यंत्र माती कापत नाही, तिच्यावर नाचतं. मागच्या हंगामात शेजारच्या गावातून फोन आला होता, "सर, मशीन नुसतं उड्या मारायलंय." त्याने इंजिनात दोष काढला होता, दुकानदाराशी भांडूनही झालं होतं. जाऊन बघितलं तर पाती उलटी. अर्ध्या तासाचं काम. पण त्या उड्यांनी त्याचे दोन्ही खांदे आठवडाभर धरले होते. रोटर शाफ्टवर ज्या पिनने अडकतो, ती पिन मूळचीच हवी. तिच्या जागी खिळा वाकवून घालायची आपली जुनी खोड आहे. खिळा चालत्या कामात तुटतो आणि पात्यांचा संच शाफ्टवरून सुटतो.

दुसरी जागा ऑइल. कारखान्यातून इंजिन बहुतेक वेळा कोरडंच येतं, कारण वाहतुकीत आडवं झालं तर ऑइल कार्ब्युरेटरपर्यंत जातं. खोक्यावर लाल चिठ्ठी असते, ती खोक्याबरोबर उकिरड्यावर जाते. मग उत्साहाने नारळ फोडतात, दोरी ओढतात, आणि नवंकोरं इंजिन थोड्याच वेळात जाम होतं. दोनशे सीसीच्या आसपासच्या चार-स्ट्रोक इंजिनात साधारण ०.६ लिटर ऑइल मावतं. आपल्याकडे १० डब्ल्यू ३० चालतं, तरी पुस्तिकेत असेल तेच घालावं. सपाट जागेवर यंत्र उभं करून काडीने पातळी बघावी. जास्त ओतलं तर पांढरा धूर. गिअरबॉक्सचं ऑइल निराळं, त्याचं झाकण निराळं, आणि तेही कोरडं असू शकतं. यंत्र दोन-स्ट्रोक असेल तर सगळंच बदलतं: तिथे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायचं असतं, कुठे लिटरला २० मिली, कुठे ४० मिली. ज्याच्या घरात दोन-स्ट्रोकचा फवारणी पंप आणि चार-स्ट्रोकचा वीडर दोन्ही आहेत, त्याने दोन डबे ठेवावेत आणि डब्यांवर मोठ्या अक्षरांत लिहावं.

आता मूळ मुद्दा.

बैलाला थांबवायचं तर आपण कासरा ओढतो. पिढ्यान्‌पिढ्या या भागातल्या हाताला तेच ठाऊक: भीती वाटली की आवळ. मोटारसायकल आली तरी ही सवय मोडली नाही, उलट पक्की झाली. डाव्या हाताचा क्लच दाबला की गाडीचा जोर तुटतो, उजव्या हाताचा ब्रेक आवळला की गाडी थांबते. पेट्रोलवरच्या बऱ्याच वीडरमध्ये नेमकं उलटं असतं. हँडलखालची क्लचची पट्टी दाबून धरली की रोटर फिरतो, सोडली की थांबतो. ज्याने हे केलं त्याने विचारपूर्वक केलं: माणूस घसरून पडला, चक्कर आली, तर मूठ सुटेल आणि यंत्र आपोआप थांबेल. विचार बरोबर आहे. पण पडणारा माणूस मूठ सोडतो आणि घाबरलेला माणूस मूठ आवळतो. यंत्राने एकदम पुढे झेप घेतली की आपल्या हाताला बैल आठवतो, नाही तर मोटारसायकल. तो पट्टी अजून घट्ट धरतो आणि यंत्र अजून जोरात पळतं. मी पाहिलेल्या अपघातांमध्ये अर्ध्याहून अधिक वेळा हीच गोष्ट होती.

आणि सगळ्या यंत्रांत असंच असतं म्हणावं, तर तेही नाही. काही डिझेल यंत्रांत आणि पॉवर टिलरमध्ये मोटारसायकलसारखा दाबल्यावर सुटणारा क्लच असतो. तेव्हा शेजाऱ्याचं यंत्र मागून आणलं तर पहिलं काम हे: इंजिन बंद असताना पट्टी दाबून-सोडून बघणं आणि मालकाला विचारणं, "तुझं यंत्र दाबल्यावर थांबतं की सोडल्यावर?"

ती पट्टी दिवसभर धरून बोटं बधिर होतात, हे खरं आहे. म्हणून लोक तिला ट्यूबच्या रबराने नाही तर बाइंडिंगच्या तारेने बांधून टाकतात. असा एक वीडर मी नांदेडजवळच्या एका शिवारात पाहिला. मालक विडी पेटवायला थोडा बाजूला झाला होता आणि यंत्र एकटंच तासातून चाललं होतं, पुढे बांधावर त्याची दोन पोरं बसलेली. काही झालं नाही, मी धावत जाऊन स्विच बंद केला. तो माणूस माझ्यावरच चिडला. बोटं बधिर होत असतील तर वीस-पंचवीस मिनिटांनी सावलीत बसावं. इंजिनालाही तेवढं बरं वाटतं.

रिव्हर्स गिअरला मी बिथरलेला बैल म्हणतो. बांधाजवळ यंत्र वळवताना जागा कमी पडते आणि मागे घ्यायचा मोह होतो. रोटर फिरत असताना मागे घेतलं की पाती थेट पायाकडे येतात, आणि मागे आधीच्या तासाची ढेकळं असतात, त्यांना टाच अडकून माणूस उताणा पडतो. म्हणून रोटर थांबवल्याशिवाय मागे घ्यायचं नाही. पायात चामड्याचे बूट, निदान बंद टाचेचे. धोतराचा सोगा, गळ्यातलं उपरणं, ओढणी, पदर यांपैकी काहीही लोंबतं नको.

माझ्या एका मित्राचा मुलगा लातूरहून कॅनडात गेला. तिथे हिवाळ्यात दारापुढचा बर्फ काढायला तो असंच पेट्रोलवरचं यंत्र चालवतो, स्नोब्लोअर. फोनवर त्याने वर्णन केलं तेव्हा मला हसू आलं, कारण सगळं ओळखीचं होतं: तसंच छोटं इंजिन, तसाच चोक, तशीच ओढायची दोरी, तशीच दाबून धरायची पट्टी. पुढे मळसूत्रासारखा फिरणारा रोटर बर्फ आत ओढतो आणि पंखा तो नळकांड्यातून लांब फेकतो. तिकडे बोटं जातात ती बर्फ ओला असताना. ओला, जड बर्फ नळकांड्यात चिकटून बसतो, माणूस इंजिन बंद करतो आणि हात घालून उकरतो. इंजिन बंद असतं, पण अडकलेल्या रोटरमध्ये आणि पट्ट्यात ताण साठलेला असतो. बर्फ मोकळा झाला की तो ताण सुटतो आणि पंखा तेवढ्यापुरता फिरतो. तेवढं बोटांना पुरतं. म्हणून त्या यंत्रावर बर्फ उकरायला एक दांडकं अडकवूनच देतात.

आपल्याकडे बर्फ नाही, पण केना आहे. केना, हराळी, कुंदा ओल्या चोपणात रोटरभोवती असे गुंडाळतात की दोरखंडच वळला जातो. त्यात रानडुकरांसाठी कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्यांच्या चिंध्या आणि ठिबकच्या नळीचे तुकडे. रोटर अडला की हात आपोआप खाली जातो. माझ्या वर्गमित्राची दोन बोटं पेरापासून गेली ती अशीच. त्याने क्लच सोडला होता, इंजिन मात्र चालू ठेवलं होतं, "परत दोरी ओढायचा कंटाळा" म्हणून. गवत ओढताना यंत्र कलंडलं, सावरायला दुसऱ्या हाताने हँडल धरलं, आणि त्या हातात पट्टी आली. कंटाळा हा शब्द तो अजून त्याच सुरात उच्चारतो.

तेव्हा क्रम असा: क्लच सोडणं, गिअर न्यूट्रल, स्विच बंद, रोटर पूर्ण थांबलेला डोळ्यांनी बघणं, मग स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला करणं. टोपी का, असं पुतण्याने विचारलंच. स्विच शेवटी एक बटण आहे. गवत ओढताना कुणाचा धक्का लागला, बाजूच्या पोराने सहज दाबलं, आणि गिअर नीट न्यूट्रलला गेलेला नसला, तर रोटरबरोबर इंजिन फिरून ठिणगी पडू शकते. टोपीच काढली तर ठिणगी पडायला जागाच उरत नाही. आणि मग हाताऐवजी विळा. आम्ही मोडका विळा हँडललाच सुतळीने बांधून टाकला. कॅनडाची अक्कल, लोह्याची सुतळी.

अर्धा त्रास मात्र घाईचा असतो. वापसा आलेला नसताना रान चालवलं की गवत मरत नाही, नुसतं एका जागेवरून दुसऱ्या जागी लावलं जातं, आणि रोटर चिखलाने भरतो. मूठभर माती दाबून गोळा करावा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा; फुटला तर वापसा, चपटा झाला तर घरी जाऊन चहा प्यावा. गोदावरीकाठच्या भारी रानात हा चहा दोन-तीन दिवस लांबतो. कंधार, मुखेडच्या बालाघाटाच्या बरड रानात तो लवकर संपतो, पण तिथे दगड. पात्याने उडवलेला खडा मागे-बाजूला कुठेही जातो. मातीचा पत्रा काढून ठेवलेलं यंत्र मला कुणी दाखवू नये. डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, आणि पोरं बांधापलीकडे हवीत.

सोयाबीनच्या ओळीत ४५ सेंटीमीटरचं अंतर असतं. दोन्हीकडे सात-आठ सेंटीमीटर मोकळं सोडलं तर रोटर ३० पर्यंतच हवा. बाहेरचे संच काढून तो कमी करता येतो. फुलं लागली की यंत्र रानाबाहेर, कारण मुळं तुटली की फुलं गळतात.

पेट्रोल गरम टाकीत ओतू नये, एवढं तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी ओततात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, तिथेच सायलेन्सर तापलेला असतो आणि तिथेच कुणीतरी विडी ओढत उकिडवा बसलेला असतो. पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल नेणाऱ्याला दुसरा धोका आहे: तहानलेलं पोर. बंद कोठ्यात इंजिन चालू करून बघणं तर नकोच. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, गुरांनाही कळत नाही आणि माणसालाही नाही. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. त्यामुळे हंगाम संपला की टाकी रिकामी करावी, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावं, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. पुढच्या जूनमध्ये मिस्त्रीच्या दारात रांग लावणाऱ्यांपैकी निम्मे लोक हे न केल्याने तिथे उभे असतात.

पुतण्याला मी पहिल्या दिवशी पिकात जाऊ दिलं नाही. आखाड्यामागच्या पडीक तुकड्यावर, कमी वेगात, मी बाजूने चालत होतो आणि मधूनच ओरडत होतो, "सोड!" पहिल्यांदा त्याने मूठ आवळली. यंत्र उसळलं, तो फरफटत दोन पावलं गेला. दुसऱ्यांदा आवळली. तिसऱ्यांदा सोडली, पण आधी आवळून मग. "काका, हात ऐकतच नाही." दहा-बारा वेळा झाल्यावर कुठे हाक आणि सुटलेली मूठ एका क्षणात येऊ लागली. मग त्याने मला चालवायला दिलं आणि तो ओरडला. मीही आवळली.

नव्या इंजिनाचं पहिलं ऑइल २० तासांनी बदलायचं असतं. त्याने आखाड्याच्या दारावर खडूने तास मांडायला सुरुवात केली आहे. काल सहा झाले होते.