संकटातला धर्मगुरू आणि देणगीचा हिशेब

कॅथलिक धर्मगुरू लोकांना भेटतो तो बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि अंत्यविधीच्या वेळी. म्हणजे इतरांच्या आयुष्यातील वळणांवर. त्याच्या स्वतःच्या आयुष्यात असे वळण आले, तो खचला, दारूच्या आहारी गेला किंवा त्याच्यावर आरोप झाला, तर त्याला बायको-मुले नाहीत, स्वतःचे घर नाही आणि बहुधा शिल्लकही नाही. अशा माणसाला सावरण्याचा खर्च कोणी करायचा, हा प्रश्न वरवर पाहता दयाधर्माचा वाटतो. वस्तुतः तो जबाबदारीच्या वाटणीचा आहे. ही वाटणी चुकली म्हणजे काय होते, हे अमेरिकेतील कॅथलिक समाजाच्या गेल्या पाऊणशे वर्षांच्या अनुभवावरून चांगले समजते.

धर्मगुरू म्हटला की दारिद्र्याचे व्रत घेतलेला संन्यासी, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती निम्मीच खरी आहे. जेझुइट, फ्रान्सिस्कन आदी संघांचे सभासद असे व्रत घेतात आणि त्यांचा योगक्षेम संघ चालवतो. धर्मप्रांताच्या सेवेतील साधा धर्मगुरू असे व्रत घेत नाही. त्याला बेताचे मानधन आणि राहण्याजेवणाची सोय मिळते. खाजगी मालमत्ता करण्याची त्याला मुभा असते, पण ती व्हावी एवढी प्राप्ती नसते. अमेरिकेत तर त्याची अवस्था चमत्कारिकच आहे. आयकरापुरता तो सामान्यतः नोकर आणि सामाजिक सुरक्षेच्या करापुरता स्वयंरोजगारी! धर्मश्रद्धेच्या कारणावरून या योजनेतून सेवेच्या आरंभी बाहेर पडण्याची सवलतही कायदा देतो. तारुण्याच्या उत्साहात ती घेणाऱ्याला धर्मसेवेच्या कमाईवर म्हातारपणी त्या योजनेचे निवृत्तिवेतन मिळत नाही. घर पदाशी जोडलेले असल्याने पद गेले की घरही जाते. त्यातच, १९७० साली तेथे सुमारे ५९ हजार धर्मगुरू होते. २०२० च्या सुमारास ते ३५ हजारांच्या आसपास उरले. उरलेल्यांपैकी कित्येकांना एकाहून अधिक धर्मग्राम सांभाळावे लागतात. माणूस मोडण्यास एवढा भार पुरेसा आहे.

यावर चर्चने नियमच केले नाहीत असे नाही. १९८३ च्या कायदेसंहितेतील २८१ वे कलम धर्मगुरूला योग्य मानधन आणि आजार, असमर्थता व वार्धक्य यांत आधार मिळाला पाहिजे असे सांगते. १२७४ वे कलम त्यासाठी धर्मप्रांतात स्वतंत्र निधीची व्यवस्था सांगते. किंबहुना १३५० वे कलम याहून पुढे जाते. ज्याचे धर्मगुरुपद शिक्षा म्हणून काढून घेतले आहे, तो खरोखर विपन्न असेल तर त्याचीही तरतूद शक्य तितकी करावी, असा त्याचा आशय आहे. ही संहिता मिशिगनला लागू आहे तशीच वसईला आणि गोव्यालाही आहे. तेव्हा संकटातील धर्मगुरूचे पालनपोषण हे प्रथमतः बिशपचे कर्तव्य आहे. प्रापंचिकांच्या दानशूरपणावर ते सोडून देण्याची मोकळीक संहिता देत नाही.

तथापि कर्तव्य सांगणारा कायदा लाज घालवू शकत नाही. मद्यासक्त धर्मगुरू ही फार काळ झाकून ठेवण्याची गोष्ट होती. ही कोंडी फोडली ती एका प्रापंचिकाने. वर्तमानपत्रांत रहस्यकोडी लिहिणारे ऑस्टिन रिप्ली स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडले होते. त्यांनी १९५६ साली मिशिगनमधील लेक ओरियन येथे 'गेस्ट हाउस' ही संस्था काढली. व्यसन हा रोग आहे आणि धर्मगुरूही रोगी होऊ शकतो, एवढेच तिचे सूत्र होते. दात्याला आपला पैसा कशासाठी जातो हे माहीत होते, आणि बरा झालेला धर्मगुरू वेदीवर परतलेला लोकांना दिसत होता.

याच्या उलट न्यू मेक्सिकोतील हेमेझ स्प्रिंग्ज येथे घडले. तेथे १९४७ साली फादर जेरल्ड फिट्झजेरल्ड यांनी अडचणीतील धर्मगुरूंसाठी आश्रमवजा संस्था स्थापन केली. मद्यपी, निराश आणि बालकांवर अत्याचार करणारे असे सारेच तेथे पाठवले जाऊ लागले. अत्याचाऱ्यांना पुन्हा सेवेत घेऊ नये, असे खुद्द फिट्झजेरल्ड यांनी १९५० नंतरच्या दशकात बिशपांना लिहून कळवले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. 'उपचार' घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी पुन्हा मुलांचा घात केला, आणि १९९० नंतर संस्थेवर दाव्यांची रांग लागली.

या दोन संस्थांमधील भेद सद्हेतूचा नव्हे. 'संकट' या एका शब्दाखाली किती भिन्न गोष्टी दडवल्या जातात, याचा आहे. जॉन जे महाविद्यालयाच्या २००४ च्या अहवालानुसार १९५० ते २००२ या काळात ४,३९२ धर्मगुरूंवर अल्पवयीनांच्या लैंगिक छळाचे आरोप झाले. त्या काळातील धर्मगुरूंच्या हे प्रमाण सुमारे चार टक्के पडते. थकलेला, व्यसनी, खोट्या आरोपात सापडलेला आणि खरा अपराधी या सर्वांना दाता एकच धनादेश पाठवतो, आणि आपला पैसा कोणाला पोचला हे त्याला कळत नाही. बाजारात माल वाईट निघाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेस येत नाही. येथे पैसे देणारा एक आणि उपभोगणारा दुसरा, आणि तो दुसरा लाजेने अदृश्य असतो.

डॅलस येथे बिशपांनी २००२ साली कठोर सनद मंजूर केल्यावर आरोपित धर्मगुरू तातडीने सेवेबाहेर जाऊ लागले. त्याच वर्षी डेट्रॉइट परिसरात त्यांच्या मदतीसाठी प्रापंचिकांनी एक संस्था काढली. आरोपितालाही वकील, निवारा आणि अन्न लागते, हे म्हणणे न्याय्यच होते; गुन्हा शाबीत होईतो त्याला उपाशी ठेवावे असे कोणताही कायदा सांगत नाही. पण २०१९ साली राज्याच्या महाधिवक्त्यांनी दात्यांची दिशाभूल आणि निधीचा गैरवापर असे आक्षेप तिच्यावर ठेवले आणि संस्थापकांना कारभारातून दूर व्हावे लागले. मदत घेणाऱ्याची नावे गुप्त ठेवणे समजण्यासारखे आहे. त्या गुप्ततेच्या पांघरुणाखाली हिशेबही गुप्त राहिला, तो राहण्याचे कारण नव्हते.

वृद्ध जोगिणी आणि संघीय धर्मगुरूंसाठी १९८८ पासून अमेरिकेतील चर्चमध्ये दर डिसेंबरात झोळी फिरते. तिला लोक सढळ हाताने देतात, कारण पैसा कशासाठी मागितला जातो हे वेदीवरून उघड सांगितले जाते. म्हाताऱ्या सिस्टरच्या छायाचित्राला पाझर फुटतो. व्यसनी फादरचे छायाचित्र मात्र कोणी छापू शकत नाही. म्हणूनच त्याच्यासाठी जमवलेल्या पैशाची तपासणी अधिक कडक हवी. उपचाराचा, वकिलाचा आणि निर्वाहाचा खर्च वेगवेगळा दाखवला पाहिजे. पीडितांच्या उपचारासाठी धर्मप्रांताने काय दिले, हेही त्याच ताळेबंदात शेजारी दिसायला हवे. नाहीतर एकाची करुणा दुसऱ्याच्या जखमेवर मीठ ठरते.

ही नुसती नीतीची बाब उरलेली नाही. पोर्टलंडच्या धर्मप्रांताने २००४ साली दिवाळखोरीचा अर्ज केल्यापासून तेथील तीसहून अधिक धर्मप्रांत आणि संघ त्या वाटेने गेले आहेत. या खटल्यांत धर्मप्रांताच्या निधीवर हक्क कोणाचा, याचा कीस काढला जातो. आजारी धर्मगुरूंसाठी दिलेला डॉलर स्वतंत्र न्यासात होता की सर्वसाधारण खात्यात, हे तेथे मुख्यतः कागदपत्रांवरून पाहिले जाते.