परदेशी एमबीबीएस: जाणं सोपं, परत येऊन डॉक्टर होणं वेगळं

जबलपूरच्या गढा भागात 1955 साली सुरू झालेलं मेडिकल कॉलेज आहे, आज ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नावाने ओळखलं जातं. त्याच आवारात मध्य प्रदेशचं आयुर्विज्ञान विद्यापीठही आहे. त्यामुळे इथल्या मराठी घरांना डॉक्टरकीची वाट काही अनोळखी नाही. पण नीटमध्ये सरकारी जागा हुकली आणि खासगी कॉलेजची फी ऐकून घाम फुटला, की बोलणं जॉर्जिया, कझाकस्तान, किर्गिझस्तानकडे वळतं. मग जी माहिती हातोहात फिरते, तिच्यात अर्धी खरी असते. तेवढी अर्धीच जास्त महागात पडते.

सर्वांत पसरलेला समज असा की परदेशात जायचं तर नीट लागत नाही. मे 2018 पासून ती लागतेच. पात्रतेइतके गुण नसताना बाहेर जाऊन पदवी आणली, तर ती भिंतीवर लावता येईल, भारतात तिच्यावर व्यवसाय करता येणार नाही. पात्रतेची रेघ मात्र सरकारी जागेच्या रेघेच्या बरीच खाली असते. 2024 मध्ये खुल्या गटासाठी ती 720 पैकी 162 होती. परदेशी प्रवेशासाठी हा निकाल तीन वर्षं चालतो, म्हणजे घाईने त्याच महिन्यात पैसे भरण्याचं कारण नाही. बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजीच्या अटी इथल्या एमबीबीएसच्याच.

दुसरा समज एजंटांच्या पत्रकांवर ठळक छापलेला असतो: ‘एनएमसी मान्यताप्राप्त कॉलेज’. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग (एनएमसी) परदेशी कॉलेजांना अशी मान्यता देत नाही. जागतिक वैद्यकीय संस्थांच्या सूचीत नाव आहे, हेही त्याच चालीवर सांगतात. सूचीत नाव असणं म्हणजे ती संस्था अस्तित्वात आहे, एवढंच. आयोग पाहतो तो तुमचा अभ्यासक्रम, आणि तो कसा असावा हे 18 नोव्हेंबर 2021 च्या नियमांत लिहिलं आहे. शिक्षण किमान 54 महिन्यांचं, इंग्रजी माध्यमातलं, सगळं एकाच संस्थेत. त्यानंतर तिथेच 12 महिन्यांची इंटर्नशिप. त्या देशात तिथल्या नागरिकाइतक्याच हक्काने व्यवसाय करता येईल अशी नोंदणी. आणि प्रवेश घेतल्यापासून दहा वर्षांच्या आत हे सगळं पूर्ण.

हे वाचायला रुक्ष आहे, पण याच चार ओळींनी अनेकांची वर्षं खाल्ली. फिलिपिन्सचं उदाहरण घ्या. तिथे आधी बीएस ही पदवी आणि मग चार वर्षांचं एमडी अशी रचना होती. चार वर्षं म्हणजे 48 महिने, आणि बीएसची वर्षं वैद्यकीय शिक्षणात धरली जात नाहीत. गणित सरळ होतं, पण प्रवेशाच्या वेळी ते कुणी मांडून दाखवलं नाही. ‘पहिली दोन वर्षं इकडे, पुढची तिकडे’ असल्या सोयीच्या योजनाही एकाच संस्थेच्या अटीवर अडतात. 2022 मध्ये युद्धामुळे युक्रेनमधून परतलेल्या विद्यार्थ्यांना आयोगाने सवलत दिली ती अपवाद म्हणून. तिच्या भरवशावर बदलीचे बेत आखू नयेत.

‘आमचे काका रशियात शिकले, त्यांना कुठली परीक्षा द्यावी लागली?’ हा प्रश्नही नेहमीचा. काकांचं खरं आहे, काळ वेगळा होता. 15 मार्च 2002 पासून परदेशी पदवीधरांना चाळणी परीक्षा आली. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाहून एमडी होऊन निघाल्या, तेव्हा तर मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदाच नव्हता. तो 1912 मध्ये आला. त्यांचं धैर्य आजच्या कुठल्याही अर्जदाराहून मोठं, पण त्यांच्या वाटेचा दाखला आज उपयोगाचा नाही.

आजची चाळणी म्हणजे एफएमजीई. 300 प्रश्न, उत्तीर्ण व्हायला 150 गुण, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, वर्षातून दोन संधी. ऐकायला सोपी. जून 2024 मध्ये ती सुमारे 21 टक्के उमेदवारच पार करू शकले. एक कारण भाषेचं: परदेशातल्या वॉर्डांत रुग्ण रशियन किंवा जॉर्जियन बोलतो. ती भाषा न शिकता सहा वर्षं काढणाऱ्याला पुस्तकं पाठ होतात, रुग्ण तपासायचा सराव होत नाही. नीट मराठीत किंवा हिंदीत देता येते, मध्य प्रदेशात 2022 पासून एमबीबीएसची हिंदी पुस्तकंही आली, पण ही परीक्षा इंग्रजीतच. ती पार केल्यावर भारतात आणखी बारा महिन्यांची इंटर्नशिप असते, हे घरच्या हिशेबात सहसा धरलेलं नसतं.

इंग्लंड-अमेरिकेची पदवी असली की एफएमजीईतून सूट, हाही गैरसमज. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या पाच देशांची सवलत पदव्युत्तर पदवीला आहे, एमबीबीएसला नाही. शिवाय अमेरिकेत बारावीनंतर सहसा थेट प्रवेश नसतो. आधी पदवी आणि एमकॅट ही प्रवेश परीक्षा लागते. ब्रिटनसाठी ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याचं ते वर्ष गेलंच समजा. यूकॅट ही परीक्षा तिथल्या उन्हाळ्यात, सप्टेंबर संपायच्या आत द्यायची, आणि अर्ज 15 ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे बारावीचं वर्ष निम्मंही झालेलं नसताना. अर्जातल्या पाच पर्यायांपैकी वैद्यकीयसाठी फक्त चार.

म्हणून पैसे भरण्याआधी कॉलेजकडून, एजंटकडून नव्हे, या गोष्टी लेखी मागा: अभ्यासक्रमाचे महिने, शिकवण्याचं माध्यम, इंटर्नशिप कोणत्या रुग्णालयात, आणि पदवीनंतर त्या देशात व्यवसायाचा परवाना मिळतो की नाही. 2021 चे नियम आयोगाच्या संकेतस्थळावर आहेत, ते उत्तराशेजारी ठेवून स्वतः वाचा. लेखी उत्तर यायला टाळाटाळ होत असेल, तर त्या कॉलेजला एक रुपयाही देऊ नका.