साडेबेचाळीस दिवसांची चिडचिड

मुंबईची आरे कॉलनी 1,287 हेक्टरांची. एनबीएचं बास्केटबॉल मैदान 94 बाय 50 फुटांचं. भागाकार केला तर आरेत अशी जवळजवळ साडेएकोणतीस हजार मैदानं मावतात. एनबीएच्या तीसही संघांची घरची मैदानं आणून शेजारी शेजारी पसरली, तर आरेचा जेमतेम हजारावा हिस्सा व्यापेल. एवढ्याशा जागेत सॅक्रामेंटो किंग्जने चाहत्यांचा जो छळ मांडला, तो मोजायला मात्र हेक्टर पुरत नाहीत.

किंग्जला मुंबईकर हक्काने शिव्या घालू शकतो. मालक विवेक रणदिवे जुहूत वाढलेले. 2013 मध्ये 53 कोटी 40 लाख डॉलर किंमत धरून त्यांनी हा संघ घेतला. 4 ऑक्टोबर 2019 ला ते तो वरळीच्या डोममध्ये घेऊन आले. भारतातला एनबीएचा हा पहिला सामना, हंगामपूर्व का होईना. आणि इंडियाना पेसर्सकडून किंग्ज जादा वेळेत 132-131 असे हरले. त्याच रात्री आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडांवर करवती चालू लागल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती. त्या आकड्यापुढे एका गुणाचं रडगाणं काय गायचं?

तरीही चाहता गातोच, आणि त्याच्या तोंडी पहिलं नाव येतं पॉइंट गार्डचं. चेंडू पुढे नेणारा तो, कोणी कुठे पळायचं ते ठरवणारा तो. मग हरल्यावर दुसरा कोण सापडणार? त्या हंगामात किंग्जचा पॉइंट गार्ड डीअ‍ॅरन फॉक्स याचे शंभरातले जवळपास तीस फ्री थ्रो चुकले. अंतर 15 फूट, आडवं यायला कोणी नाही, कडीचा व्यास 18 इंच आणि चेंडूचा साडेनऊ. म्हणजे क्षेत्रफळात भोक चेंडूच्या साडेतीनपट मोठं! पुढच्याच वर्षी त्याला पाच वर्षांसाठी 16 कोटी 30 लाख डॉलरचा करार मिळाला. वर्षाला 82 सामने धरले तर दर सामन्याला सुमारे चार लाख डॉलर. आरेत सकाळी साडेआठला चहाचा कप हातात धरून मॅच लावणाऱ्याचं डोकं फिरलं तर नवल नाही.

पण लीगमधल्या सरासरी खेळाडूचेही शंभरात तेवीसेक चुकतच होते. फॉक्सचा जादा गुन्हा शंभरामागे सहा-सात गुणांचा. खरा हिशेब मोठा आहे. 2006 नंतर किंग्ज सलग 16 हंगाम प्लेऑफमध्ये गेले नाहीत. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कोणाचा नाही. छोटे झालेले हंगाम वजा करूनही ते 1,276 सामने होतात. प्रत्येकी 48 मिनिटं धरली, तर जाहिराती आणि टाइमआउट सोडून, निव्वळ घड्याळ चालू असतानाची साडेबेचाळीस दिवस-रात्रींची निराशा. यातली पहिली अकरा वर्षं फॉक्स संघातच नव्हता.

शिव्या खायला हव्या होत्या त्या खेळाडू निवडणाऱ्या खोलीने. 2012 च्या ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर किंग्जने थॉमस रॉबिन्सन घेतला. सहाव्यावर डेमियन लिलार्ड गेला. 2018 मध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्व्हिन बॅग्ली घेतला. तिसऱ्यावर लुका डॉन्चिच गेला. दोन्ही वेळा एकाच घराचं अंतर! 2022 मध्ये हातातला टायरीज हॅलिबर्टन पेसर्सना दिला, वरळीत हरवून गेलेल्या त्याच पेसर्सना, आणि 2025 मध्ये त्याने त्यांना अंतिम फेरीत नेलं. त्या बदल्यात पेसर्सचा सबोनिस आला आणि त्याच्यामुळेच दुष्काळ संपला, हे मात्र कबूल करायला हवं.

2023 मध्ये किंग्जने 48 सामने जिंकले. अटीतटीच्या क्षणी सर्वोत्तम खेळणाऱ्याला त्या वर्षीपासून सुरू झालेला पुरस्कार फॉक्सलाच मिळाला. मग पहिल्याच फेरीत, बोट मोडलेलं असताना तो गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत लढला. आपल्याकडे महाराष्ट्र दिन उजाडायच्या आधीच त्या निर्णायक सामन्यात वॉरियर्सच्या पॉइंट गार्डने एकट्याने 50 गुण केले. त्याचं नाव स्टीफन करी. 2009 च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या क्रमांकावर गेला होता. चौथा क्रमांक किंग्जचा होता.