पंख्यासाठी आणि मागासाठी एकच मीटर

भिवंडीत बऱ्याच ठिकाणी राहती खोली आणि कारखाना यांच्यात एकच भिंत असते. सकाळी पंखा हळू फिरतोय म्हणून जो माणूस स्टुलावर चढतो, तोच दुपारी मागाची मोटर का बंद पडली ते बघायला जातो. दोन्हीकडे मल्टिमीटर तोच. तो घेताना ‘किती गोष्टी मोजतो’ हे नंतर विचारा. आधी विचारा, माझा हात चुकला तर हा मला वाचवेल का?

घरात फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, कारखान्यात दोन फेजांमध्ये ४०० च्या आसपास. पण खरा धोका क्षणभराच्या झटक्याचा असतो. जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटर बंद-चालू झाली की लाइनवर हजारो व्होल्ट येऊन जातात. घरातल्या प्लगपर्यंत पोचताना लांब, बारीक वायर त्यामागचा प्रवाह थोडा अडवते. मेन बोर्डावर जाड केबल असते, तिथे अडवणारे काही नसते.

म्हणूनच मीटरवर ‘कॅट’ आणि आकडा छापलेला असतो. कॅट २ म्हणजे प्लगला जोडलेली उपकरणे. कॅट ३ म्हणजे बोर्ड, पक्के वायरिंग आणि थ्री फेज मोटरी. कॅट ४ म्हणजे बाहेरून येणारी लाइन आणि वीजमीटर. भिवंडीत २००७ पासून वीजवितरण टोरंट पॉवर पाहते. वीजमीटरच्या पलीकडची बाजू त्यांची, तिथे आपण प्रोब न्यायचेच नाहीत. आपल्याला हवा तो कॅट ३, निदान ६०० व्होल्टचा.

इथे आकड्याला भुलू नका. ‘कॅट २, १००० व्होल्ट’ हा ‘कॅट ३, ६०० व्होल्ट’पेक्षा मोठा वाटतो. चाचणीत दोघांनाही ६,००० व्होल्टचा झटका देतात, पण कॅट ३ च्या झटक्यामागे सहापट प्रवाह असू शकतो. प्रोबच्या वायरींवरही तोच दर्जा छापलेला हवा, कारण त्या तुमच्या हातात असतात.

छपाई मात्र कोणीही करू शकतो. म्हणून दुकानदाराला फ्यूजबद्दल विचारा. १० अँपिअरच्या सॉकेटला आतून जवळजवळ काहीच अवरोध नसतो. लाल प्रोब तिथेच विसरून फेज-न्यूट्रलला लावला की थेट शॉर्ट सर्किट होते. चांगल्या मीटरमध्ये तिथे वाळू भरलेला सिरॅमिक फ्यूज असतो. ठिणगी पेटताच वाळू तिची उष्णता शोषून वितळते आणि ती विझवते. काचेचा छोटा फ्यूज अशा वेळी फुटू शकतो. सॉकेटजवळ ‘अनफ्यूज्ड’ लिहिले असेल, तर तो मीटर बोर्डाजवळ नेऊ नका.

माग असतील तर क्लॅम्प असलेलाच मल्टिमीटर घ्या. एक फेज गेला तरी चालू मोटर लगेच थांबत नाही. भार तेवढाच राहिला तर उरलेल्या दोन फेजांमधला प्रवाह सुमारे पावणेदोन पट होतो आणि वाइंडिंग तापून जळते. क्लॅम्पने वायर न सोडवता तिन्ही फेज तपासता येतात. तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. क्लॅम्पमध्ये एका वेळी एकच वायर घ्या. पूर्ण केबल धरली तर प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्य दाखवतो.

घरासाठी कंटिन्युइटीचा बीप आणि कपॅसिटन्स हवा. पंखा मंदावला की बऱ्याचदा दोष कंडेन्सरचा असतो. त्यावर २.५ मायक्रोफॅरड लिहिले असेल आणि मीटर १.६ दाखवत असेल, तर तो बदला. मोजण्यापूर्वी वीज बंद करा, कंडेन्सर सोडवा आणि त्यातला साठा रिकामा करा.

घरी इन्व्हर्टर असेल तर ‘ट्रू आरएमएस’ घ्या. साध्या इन्व्हर्टरची लहर चौकोनी असते. साधा मीटर ती सुमारे ११ टक्के जास्त दाखवतो आणि आपण चांगल्या इन्व्हर्टरलाच दोष देतो.

एक भ्रम डिजिटल मीटरवर हमखास दिसतो. बंद केलेल्या वायरीवर ६०-७० व्होल्ट! एकाच पाइपातून शेजारी चालू वायर गेलेली असते आणि तिची नुसती चाहूल मीटर टिपतो. ‘लो-झी’ (कमी अवरोध) ही सोय असेल तर तिथे हा आकडा जवळपास शून्यावर उतरतो. पण आकडा भुताटकीचा वाटला तरी हे तपासल्याशिवाय वायरीला हात लावू नका.

तापमान, फ्रिक्वेन्सी, ट्रान्झिस्टर तपासणी मिळाली तर ठीक. त्यासाठी फ्यूज किंवा कॅट दर्जा सोडू नका.

मीटर घरी आणल्यावर पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. आधी चालू असलेल्या प्लगवर मीटर लावून २३० च्या आसपास बघा. मग बंद केलेली वायर तपासा. मग पुन्हा त्याच चालू प्लगवर या. मधल्या वेळात प्रोबची तार तुटली, तरी मीटर शून्यच दाखवतो. तिसरी तपासणी झाल्यावरच त्या शून्यावर भरवसा ठेवून वायर हातात घ्या.