हाड जुळेपर्यंत

माझ्या खालच्या दाढेचं इम्प्लांट झाल्यापासून आमच्या बदलापूरच्या मांजर्लीतल्या ओळखीच्या बायका विचारायला येतात. पहिला प्रश्न खर्चाचा, दुसरा दुखण्याचा. किती महिने लागतात, हे फार कमी जणी विचारतात. खरा उपचार तर त्या महिन्यांतच होतो. इम्प्लांटचा स्क्रू डॉक्टर बसवतात, पण तो धरून ठेवायचं काम आपल्या हाडाचं.

स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रेनेमार्क यांच्या हे ध्यानात आलं. १९५२च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण त्यांना काढता येईना. हाड त्याला घट्ट धरून बसलं होतं. १९६५मध्ये त्यांनी योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. २००६मध्ये लार्सन वारले, तोवर त्या स्क्रूंवरचे दात चालत होते.

माझ्यापुढे ब्रिजचाही पर्याय होता. पण त्यासाठी शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागले असते, ते मला पटेना. मग तपासण्या सुरू झाल्या. मला मधुमेह आहे, म्हणून तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीए१सी आधी. नंतर सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन. खालच्या जबड्यातून ओठ-हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून किती अंतर सोडायचं, ते डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं. वरच्या दाढा असतील तर सायनसची पोकळी बघतात. दात जाऊन बरीच वर्षं झाली असतील तर हाड झिजलेलं असतं, मग आधी हाडाची भर घालावी लागू शकते. रक्त पातळ करणाऱ्या किंवा हाडांच्या ठिसूळपणावरच्या गोळ्या-इंजेक्शनं चालू असतील तर ती नावासकट सांगावीत, आणि आपल्या मनाने बंद करू नयेत.

प्रत्यक्ष दिवशी भुलीची सुई टोचली तेवढीच. पुढे हाडाला छिद्र पाडताना घरघर आणि दाब जाणवला, दुखलं नाही. सतत गार सलाईनची धार चालू होती. हाड ४७ अंशांवर मिनिटभर तापलं तरी त्याला इजा होऊ शकते, म्हणून ती धार. नंतर टाके, बाहेरून बर्फाचा शेक, मऊ भात.

मग थांबायचं. खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्यात चार ते सहा. हाड भक्कम असेल तर काही जणांना लगेच तात्पुरता दात देतात, पण तो निर्णय डॉक्टरांचा. लग्नाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नये. या काळात तंबाखू पूर्ण बंद. मिश्री लावणाऱ्या बायकांना मी हे पुन्हापुन्हा सांगते, कारण मिश्री तंबाखूचीच असते आणि ती थेट हिरडीवर घासली जाते. हाड जुळलं की हिरडीला आकार देणारी टोपी, माप, स्क्रू आणि कॅप यांना जोडणारा जोडभाग आणि शेवटी कॅप. निळा कागद चावायला देऊन उंची जुळवतात. खऱ्या दाताला हाडात किंचित लवचीक आधार असतो, इम्प्लांटला नसतो. म्हणून कॅप उंच राहिली तर सगळा मार इम्प्लांटवरच येतो.

खर्च विचारताना स्कॅन, हाडाची भर, जोडभाग, कॅप हे सगळं धरून आकडा लिहून मागावा. सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय, इथेही चौकशी करावी. बदलापूरहून लोकलचा प्रवास लांबचा आहे आणि खेपा बऱ्याच होतात, तेही हिशेबात धरावं.

इम्प्लांटला कीड लागत नाही, पण भोवतीची हिरडी सुजून आतलं हाड झिजू शकतं, आणि तेही फारसं न दुखता. मी रात्री बारीक ब्रशने कॅपच्या कडा साफ करते, तपासणी चुकवत नाही.

आणि इम्प्लांटची कंपनी, व्यास, लांबी, लॉट नंबर लिहिलेलं स्टिकर फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे जोडभागाचा स्क्रू सैल झाला आणि तुम्ही दुसऱ्या गावी असलात, तर तिथल्या डॉक्टरांना नेमकं कोणतं हत्यार लागेल, हे त्यावरून कळतं.